आईला निवेदक केलं तेव्हा

मी पेणला राहायचे आणि रोह्याच्या एका कॉलेजात अकरावीला मराठी शिकवायचे. मुलं कथेच्या संज्ञा चोख पाठ करून येत. कथानक, पात्र, संघर्ष, निवेदक. विचारायचा अवकाश, व्याख्या धडाधड हजर. पण एखादी कथा वाचून दाखवून "यात निवेदक कोण?" म्हटलं की सगळे खाली बघत. शेवटी मी व्याख्या बाजूला ठेवल्या. म्हटलं, "घरात घडलेलं काहीतरी सांगा. त्यातच शोधू सगळं."

खाडीकाठच्या गावाहून एसटीनं येणारी एक मुलगी उठली. म्हणाली, "माझ्या ताईला कंपनीत काम लागलं होतं, पॅकिंगला. बाबा नको म्हणत होते, तिनं भांडून मिळवलं. तर आईनंच ते सोडायला लावलं. लोक बोलतात म्हणून. आमच्या गोष्टीत खलपात्र आई हाय."

वर्ग हसला. ती हसली नाही.

"ही गोष्ट तू सांगितलीस, म्हणजे निवेदक तू," मी म्हटलं. "आता हीच आईच्या तोंडून सांग."

"मी थोरलीला म्हटलं, उद्यापासून जाऊ नको..." ती अडखळली. "पुढचं नाय येत, मॅडम. आई तसं का म्हणाली, मला ठाऊकच नाय. लोक बोलतात म्हणून, हे मीच धरून चालले होते."

"मग विचार तिला."

सोमवारी ती आपणहून उभी राहिली. "दोघींना विचारून सांगतेय," म्हणाली आणि थेट आईच्या बोलीत शिरली.

"थोरली माज्यापाशी येऊन रडली. मशीनवर तिच्या शेजारणीचा हात थोडक्यात वाचला होता. तवापास्नं तिला तिथं उभं राहवना. पण बापाशी भांडून गेलेली, आता भ्याले म्हणून कशी सांगणार? म्हणाली, आये, तूच नको म्हण. मी म्हटलं, म्हणते गो."

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "मग खलपात्र कोण?"

"कोणच नाय."

"आणि संघर्ष?" मी विचारलं. "तो कुणाचा कुणाशी?"

तिनं जरा विचार केला. "ताईचा ताईशीच."

'आंतरिक संघर्ष' हे शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिले. समजावून सांगावं लागलं नाही.

स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ सर काळजीनं म्हणाले, "परीक्षेत व्याख्याच लिहायच्या असतात, बाई."

"लिहितील की. आता उदाहरणासकट लिहितील," मी म्हटलं. मला शंकाच नव्हती, आणि मुलांनी तसंच लिहिलं. पुढं दरवर्षी मी हा भाग असाच शिकवला.

त्याच वर्षी पालकसभेला त्या मुलीची आई आली होती. "तुमीच का त्या मॅडम?" तिनं विचारलं. "धाकटी किती दिस माज्याशी तुटक वागत व्हती, मला कारण कळना. आता थोरलीनं बापालाबी सांगून टाकलं."

"मग काय म्हणाले ते?"

"काय म्हणणार? म्हणाले, आधीच सांगायचं, मी काय खाणार व्हतो तिला?" असं म्हणून ती खळखळून हसली आणि लेकीचे मार्क विचारू लागली.