बारावं पेर

माझी मावशी किड्यांची चित्रं काढायची. हे ऐकलं की लोकांना आधी हसू येतं, म्हणून मी पुढचं लगेच सांगून टाकते. पिकांवर आणि साठवणीच्या धान्यात पडणाऱ्या किडींचा अभ्यास करणारं एक सरकारी कार्यालय होतं. तिथून निघणाऱ्या माहितीपुस्तकांतली चित्रं तेहेतीस वर्षं तिने काढली. चित्रकलेच्या शाळेची पायरी ती कधी चढली नव्हती, आणि कागदोपत्री तिचा हुद्दा शेवटपर्यंत टायपिस्ट असाच राहिला. घरात आम्ही तिला भिंगमावशी म्हणायचो.

चित्रांचा पहिला धडा तिला माझ्या आजीकडून मिळाला, तोही आजीला काही शिकवायचं नव्हतं तेव्हा. आजी उशांचे अभ्रे आणि लहान मुलांचे फ्रॉक भरून द्यायची. कापडावर पेन्सिलीने वेल, पानं, पक्षी काढून देण्याचं काम मावशीकडे, कारण माझ्या आईचा पक्षी चपलेसारखा दिसायचा. मावशी तेव्हा दहा वर्षांची. चाचपडत दोन-तीन रेघा मारायची तिची सवय आजीने महिन्याभरात मोडली. "रेघ एकच काढ," आजी म्हणायची. "दोन काढल्यास तर सुईने जायचं कुठल्या रेघेवरून?"

एकोणिसाव्या वर्षी ती त्या कार्यालयात टायपिस्ट म्हणून लागली. दोन मजली इमारत, डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि भिंतभर काचेच्या झाकणांचे खण. खणांत टाचणीला लावलेले किडे, आणि प्रत्येकाखाली नखाएवढी चिठ्ठी. या चिठ्ठ्या टाइप करणं तिचं काम. नावं एवढी लांबलचक आणि किडा एवढासा, की ज्याच्यासाठी इतका खटाटोप तो आहे तरी कसा, हे बघावंसं तिला वाटलं. जेवणाच्या सुट्टीत ती मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायला लागली, आणि टायपिंगमध्ये वाया गेलेल्या कागदांच्या पाठीवर जे दिसेल ते काढायला लागली.

त्याच सुमारास तिथले चित्रकार निवृत्त झाले आणि त्यांची जागा काही भरली गेली नाही. पुस्तक अडून बसलं. एक दिवस साहेबांना तिच्या टेबलावर माशीच्या पंखाचं चित्र दिसलं. त्यांनी ते उचललं, मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं, परत कागद पाहिला. कुठे शिकलात, असं त्यांनी विचारलं. तिने कुठेच नाही म्हणून सांगितलं.

"बरं झालं," साहेब म्हणाले. "शिकलेले लोक किड्याला सुंदर करून ठेवतात."

तिची पहिली सहा चित्रं मात्र छापून आली ती काळ्या डागांसारखी. तिने पेन्सिलीने सुरेख सावल्या दिल्या होत्या, आणि छापखान्यात त्यांचं पार डांबर झालं होतं. प्रुफं घेऊन आला होता तो छापखान्यातला ब्लॉक करणारा, म्हणजे चित्रावरून जस्ताचा ठसा कोरून देणारा. आम्लाने बोटं पिवळी पडलेला, सडपातळ माणूस. त्याने तिला समजावून सांगितलं, की आमच्याकडे फक्त काळं छापतं नाहीतर पांढरं, मधलं काही नाही. सावली हवी असेल तर ठिपक्यांनी द्या. आणि चित्र छापताना तिसऱ्या हिश्श्याएवढं लहान होतं, तेव्हा दोन ठिपक्यांच्या मध्ये तिसऱ्याची जागा मोकळी सोडा, नाहीतर ते एकमेकांच्या गळ्यात पडतील.

ती ठिपके द्यायला शिकली. एका भुंगेऱ्याच्या पाठीवर चार-पाच हजार ठिपके सहज व्हायचे. प्रुफं पोचवायला छापखान्यात शिपाई होता, पण ब्लॉकवाले स्वतःच यायला लागले. शेवटी साहेबांनी त्यांना विचारलं म्हणे, तुमचंही टेबल इथेच टाकून घेऊ का. वर्षाच्या आत दोघांनी लग्न केलं.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं त्यांचं घर होतं. मी सुट्टीत जायचे तेव्हा काका, म्हणजे ब्लॉकवाले, जेवणाच्या टेबलावर तिचं चित्र पसरून भिंगातून बघत बसलेले असायचे. हा ठिपका फितूर होणार, असं ते एखाद्या ठिपक्याबद्दल म्हणायचे. मावशी म्हणायची, तुमचं आम्ल कडक झालंय, माझ्या ठिपक्याला नावं ठेवू नका. भाजी गार होऊन जायची. कार्यालयात परदेशी चित्रांचं एक जुनं, पाठ उसवलेलं पुस्तक होतं. त्यातला एकेक नाकतोडा ती घरी उतरवून काढायची, आणि ज्याने तो मूळ काढला त्याने इथे श्वास कुठे रोखला असेल यावर दोघं वाद घालायचे. त्यांना मूल झालं नाही. त्याबद्दल निदान आमच्यासमोर तरी ते बोलले नाहीत.

लग्नाला पंधरा वर्षं झाली तेव्हा काका गेले. छापखान्यात बुटाची नाडी बांधायला स्टुलावर बसले आणि तसेच बसून राहिले. बातमी कार्यालयाच्या फोनवर आली. साहेबांनी मावशीला जवळ जाऊन सांगितलं. तिने ऐकून घेतलं, निब फडक्याने पुसलं, शाईच्या बाटलीचं झाकण लावलं, आणि मग ती उठली. ही गोष्ट पुढे कार्यालयातल्या लोकांनी इतक्यांदा सांगितली, की नात्यातल्या काहींनी तिच्यावरून मावशीला दगड ठरवून टाकलं.

ती रडली नाही. माझी आई आठवडाभर तिच्याकडे राहिली, आणि ही रडली नाही तर अंथरूण धरेल, असं सगळ्यांना सांगत राहिली. मावशीने अंथरूण धरलं नाही. पाचव्या दिवशी ती कामावर गेली.

सहा महिन्यांनी मला त्याच गावात टेलिफोनच्या कचेरीत नोकरी लागली आणि मी मावशीकडे राहायला गेले. सोबत होईल, असं आई म्हणाली. कुणाला कुणाची, ते तिने सांगितलं नाही. मावशीला माझा त्रास नव्हता आणि आधारही वाटत नसावा. ती वेळेवर उठायची, पानात पडेल ते जेवायची. एकदा मी आमटीत मीठ घालायला विसरले. ती पूर्ण वाटी संपवून उठली. विनोदावर हसायची, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर, कुणीतरी आठवण करून दिल्यासारखी. एका संध्याकाळी ती घरात शिरली तेव्हा तिच्या एकाच पायात चप्पल होती. मी विचारल्यावर तिने खाली पाहिलं. मग म्हणाली, कुठेतरी बंद तुटला असेल. अनवाणी पायाची टाच रक्ताळली होती.

चित्रं मात्र या काळात आधीपेक्षाही चांगली झाली. हे मी माझं म्हणून सांगत नाही, साहेब म्हणायचे. माशीच्या पायावरचे केस ती एकेक मोजून काढायची. दुःख कलेत उतरतं वगैरे लोक बोलायचे, आणि मलाही तेव्हा ते खरं वाटायचं. मी एकदा तिला तसं विचारलं.

"तसं काही नाही," ती म्हणाली. "पूर्वी काम करताना मध्येच घरी काय करायचं ते आठवायचं. आता आठवत नाही."

अशी पाच वर्षं गेली. जुने साहेब निवृत्त झाले, आणि कार्यालयात एक नवीन संशोधक बाई आल्या. वयाने माझ्याएवढ्या, चष्मा डोक्यावर सरकवून बोलणाऱ्या. त्या धान्यातल्या भुंगेऱ्यांवर काम करत होत्या, त्यामुळे मावशीच्या चित्रांशी त्यांचा रोजचा संबंध. एक दिवस पुस्तक उघडं धरून त्या मावशीच्या टेबलाशी आल्या. हे सगळं मला मावशीने नाही, त्यांनीच नंतर सांगितलं.

पान चौदावर लाल भुंगेरा होता. भुंगेऱ्याला डोक्यावर दोन मिशा असतात आणि मिशीला आपल्या बोटासारखी पेरं असतात. लाल भुंगेऱ्याच्या मिशीला अकरा. मावशीने काढलेल्या मिशीला बारा होती, आणि दोन्ही मिशांना बारा. पुस्तकाच्या दोन आवृत्त्या निघाल्या होत्या, शेकडो लोकांनी ते वापरलं होतं, आणि कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

संशोधक बाई भीतभीतच बोलल्या, कारण मावशीची चूक निघाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. मावशीने मूळ चित्र कपाटातून काढलं. कोपऱ्यात तिच्या बारीक अक्षरात तारीख होती. तोच किडा तिने खणातून काढून मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि बराच वेळ पाहिला.

"अकराच आहेत," ती म्हणाली.

मग तिने ब्लेड घेतलं. जाड कागदावरची शाई हलक्या हाताने खरवडता येते. तिने दोन्ही मिशा खरवडून काढल्या, कागद नखाने घोटून गुळगुळीत केला, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत अकरा-अकरा पेरांच्या मिशा नव्याने काढून दिल्या. खाली चूक दुरुस्त केल्याची नोंद केली, नवी तारीख घातली. पहिली तारीख तशीच ठेवली.

त्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला घरी आली. मी भात लावत होते. ती हात धुऊन बसली आणि आपण होऊन बोलायला लागली. हे एवढं नवीन होतं की मी गॅस बारीक करून उभीच राहिले.

पान चौदाची तारीख काका गेल्यानंतर ती कामावर परत गेली त्या पहिल्या दिवसाची होती. त्या दिवशी सगळे तिच्या टेबलाजवळून दबकत चालत होते, कुणीतरी न विचारता तिच्यासमोर चहाचे दोन कप ठेवून गेलं होतं, एवढं तिला आठवत होतं. भुंगेरा आठवत नव्हता.

"पण मी मोजलं होतं," ती म्हणाली. "दोनदा मोजलं होतं. बाराच आले होते."

मी म्हटलं, मावशी, त्या दिवशी कुणाचंही चुकलं असतं.

"कुणाचंही चुकलं असतं. माझं नाही चुकायचं." हे ती चिडून बोलली नाही. दुसऱ्या कुणाच्या कामाबद्दल सांगावं तसं बोलली. नंतर तिने निब पुसल्याची गोष्ट काढली. लोक तिच्यावरून काय बोलतात हे तिला सगळं ठाऊक होतं. ती म्हणाली, "निबावर शाई वाळली असती. एवढंच डोक्यात आलं. ते गेले हे कानात आलं होतं, पण ते आत कुठे ठेवायचं ते कळेना. अजून तसंच हातात धरल्यासारखं आहे."

ती रडेल असं मला वाटलं. माझेच डोळे भरले होते. पण तिने भात करपतोय म्हणून सांगितलं, आणि खरंच करपत होता.

त्यानंतर ती बदलली असं म्हणता येणार नाही. इतकंच, की पुढे कधीतरी आमटी आळणी झाली तेव्हा तिने मीठ मागितलं. माझं लग्न झाल्यावर ती एकटीच राहिली. माझं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं, तेव्हा जाणंयेणं होतंच. कार्यालयात हळूहळू फोटो काढायची यंत्रं आली आणि हाताने काढलेल्या चित्रांची गरज संपत गेली. याचं तिला काही वाटल्याचं दिसलं नाही. निरोपाच्या दिवशी खात्याच्या अंकासाठी कुणीतरी तिला तुमची प्रेरणा काय, असं विचारलं. तिने प्रामाणिकपणे विचार केला आणि सांगितलं, "माझं टेबल खिडकीपाशी होतं." सगळे हसले. ती थोड्या वेळाने हसली.

निवृत्तीनंतर पहिल्याच वर्षी तिने काकांचं चित्र काढायचा प्रयत्न केला. माशीचा पाय डोळे मिटून काढणारी बाई, पण चेहरा काही जमेना. फोटो होते घरात. फोटोवरून काढायला ती तयार नव्हती. आठ-दहा कागद झाले, सगळ्यांवर कान आणि गालाची एक रेघ, पुढे काही नाही.

"त्यांच्याकडे मी कधी नीट पाहिलंच नाही," ती मला म्हणाली. "ते होतेच ना समोर."

कागद तिने फाडले नाहीत, भिंतीवरही लावले नाहीत. खणात ठेवून दिले आणि तो विषय सोडला.

आता ती त्र्याहत्तर वर्षांची आहे. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. संशोधक बाई, त्याही आता निवृत्त, वर्षातून एकदा येऊन जातात आणि दोघी फारसं न बोलता चहा पितात. मावशी अजून रोज सकाळी दोन तास चित्र काढते. किडे नाहीत, टेबलावर जे असेल ते. गेल्या रविवारी मी गेले तेव्हा ती लसणाची पाकळी काढत होती. सालीवरच्या शिरा ठिपक्यांनी उतरवणं चाललं होतं. मी शेजारी बसून राहिले. बऱ्याच वेळाने, मान वर न करता, ती म्हणाली, "ही एक सोडून बाकीच्या सोलून घे. भाजीला लागतील."