जैतूनच्या नावापुढचं कारण

निघायच्या दिवशी दुपारी आमच्या बॅगा टांग्यात चढल्या होत्या, टांगेवाला आणि नवरा दोघंही माझ्या नावानं चरफडत होते, आणि मी शाळेत बसून हजेरीपट पुरा करत होते. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लहानपणापासून कानात भरलेलं, "हातातलं काम निपटल्याबिगर उंबरा वलांडू ने." इंग्लंडला निघालो म्हणून काय झालं, कोल्हापूरच्या राजारामपुरीची पोरगी मागं अर्धवट काम ठेवून गेली असं कुणी म्हणायला नको. एका नावापुढं कारण लिहायचं तेवढं राहिलं होतं. ते लिहिलं, टीपकागदानं टिपलं, पट मिटला आणि धावत जाऊन टांग्यात बसले.

मागं राहिलेल्या माझ्या शाळेतल्या बायांनो, आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनो, हे तुम्हांला सांगतेय, कारण घरात सांगून झालं. नवरा म्हणतो, एक शब्द तर लिहिलास. खरंय, एकच शब्द लिहिला.

आमची शाळा मूकबधिर मुलांची. शिकवणं असं, की मुलीचा तळवा आपल्या गळ्यावर ठेवायचा आणि बोलायचं. मग तिचाच हात तिच्या गळ्यावर ठेवून तीच थरथर येते का ते बघायचं. एका 'बा'पायी महिना जायचा. त्याच्या जोडीला हजेरीपट, वसतिगृहाचं रजिस्टर, टाचण, प्रगतीच्या वह्या, आणि तपासणीचे साहेब येणार म्हटलं की सगळ्याच्या नकला. कार्बनची शाई माझ्या बोटांवरून मुलींच्या गालांना लागायची. शिकवायला वेळ कधी मिळायचा ते विचारू नका.

जैतून नऊ वर्षांची, कोडोलीची. तिचे वडील बाबालालभाई कापूस पिंजून गाद्या भरायचे. ती वसतिगृहात राहायची, आणि माझा गळा तिला पाठ होता. मी रागावले तर ती तोंडाकडं बघायची नाही, हात लावून बघायची. श्रावणात तिची आई बाळंत झाली ती अंथरुणालाच खिळली. घरात दुसरं बाईमाणूस नाही. बाबालालभाई पोरीला न्यायला आले तेव्हा दारातच म्हणाले, "बाई, दसऱ्यापत्तोर नाव ऱ्हाऊ द्या पोरीचं. दसरा झाला की आणून सोडतो की."

मी म्हटलं, "ठेवते."

पण माझं जायचं दसऱ्याआधी ठरलं. पट दुसऱ्या बाईंच्या हवाली करायचा, आणि जैतूनच्या नावापुढं गैरहजेरीची लांबलचक ओळ. कारण हवं. आजार लिहावा तर डॉक्टरचा दाखला जोडा. घरकाम लिहावं तर साहेबांचा शेरा आलाच. 'स्थलांतर' लिहिलं की नाव कमी होतं आणि कुणी काही विचारत नाही. मी स्थलांतर लिहिलं. वळणदार अक्षरात लिहिलं, याची आज जास्त लाज वाटते.

लेस्टरला पोचल्यावर सुमतीचं पत्र आलं. सुमती आमच्याच शाळेतली, माझी जिवाभावाची मैत्रीण. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाबालालभाई पोरीला तेल-वेणी करून घेऊन आले होते. नव्या बाईंनी पट उघडून सांगितलं, ही तर गाव सोडून गेली. ते म्हणाले, "आमी कुटं गेलोय? कोडोलीतच हाय की!" बाईंनी नियमानं नव्या गावचा दाखला मागितला. जे गाव नव्हतंच, त्याचा दाखला तो माणूस आणणार कुठून? दोन वेळा हेलपाटे घातले, मग आले नाहीत. पत्राच्या शेवटी सुमतीनं विचारलं होतं, "तू काही लिहिलं होतंस का?"

त्याच आठवड्यात मी मुख्याध्यापकांकडं अनुभवाचा दाखला मागितला होता. त्याच्याशिवाय इथं मला कुणी वर्गात उभं करणार नव्हतं. खोटी नोंद केली असं कळवलं असतं तर दाखला आलाच नसता. मी सुमतीला खरं काय ते उत्तरात लिहिलं आणि पत्र कपाटात ठेवलं. दाखला फेब्रुवारीत आला. त्यात लिहिलं होतं, 'नोंदी अत्यंत चोख.' मग मी ते पत्र पोस्टात टाकलं. तोवर वसतिगृहातली जैतूनची जागा भरली होती.

इथल्या शाळेत मला वर्ग मिळाला. एका मुलाची फाइल आपल्या पंचांगापेक्षा जाड. डॉक्टरचा रिपोर्ट, मानसशास्त्रज्ञाचा रिपोर्ट, माझा रिपोर्ट, आणि पुढं पुढं तर आईबापांची सही असल्याशिवाय पानच हलेना. बरोबरच्या शिक्षिका कपाळाला हात लावायच्या, चहा पिऊन पिऊन फॉर्मना शिव्या घालायच्या. मी मुकाट्यानं भरत बसायची. सगळ्यात शेवटी माझा दिवा बंद व्हायचा. शाळा सोडण्याचं कारण, हा रकाना आला की माझं पेन अडायचं. मी कोट घालून त्या मुलाच्या घरी जाऊन यायची, माणसं खरंच गेलीत का ते बघायची. हेडमिस्ट्रेस हसून म्हणायची, फोन असतो की गं. फोनवर दिसत नाही, हे तिला कसं सांगणार?

बारा वर्षांनी, आबा गेल्यावर, मी कोल्हापूरला आले आणि एस.टी.नं कोडोलीला गेले. बाबालालभाई थकले होते, तरी ओळखलं. "या बाई, बसा. च्या टाकायला सांगतो." जैतून आत वाकळ शिवत होती. आई त्याच साली गेली होती. धाकट्याला हिनंच वाढवलं. मी शाळेचा विषय काढला तर ते म्हणाले, "तुमी कशाला मनाला लावून घेता? कागदात चुकलं आसंल कुनाचं तरी."

मी म्हटलं, "बाबालालभाई, ते मीच लिहिलं होतं."

 ते हळूच म्हणाले, "म्हंजी तुमाला ठावं व्हतं, आमी हितंच हाय." त्यांनी शिवी घातली असती तर मी सुखानं परत आले असते. उठून ते चहाचं बघायला आत गेले.

जैतून बाहेर आली. माझ्यासमोर बसली आणि काहीएक न विचारता तिनं तळवा माझ्या गळ्यावर ठेवला. मी बोलायची ती वाट बघत होती. मला आवाज फुटेना. तिला वाटलं आपलंच चुकलं. तिनं हात जरा वर सरकवला, नीट बसवला, आणि पुन्हा थांबली.

लेस्टरला लोक विचारतात, तुमचं गाव कुठलं? पूर्वी मी आमची गल्ली सांगायची, आबांचं घर सांगायची. आता ते घर दुसऱ्याचं आहे. गाव म्हटलं की सुईनं खरखरीत झालेला तो तळवा गळ्यावर येतो. मी काही बोलेपर्यंत तो हलत नाही.