मरियामातेची ओटी

ऑक्टोबर म्हणजे आम्हा कॅथलिकांचा जपमाळेचा महिना. बाळ येशूला हातात घेतलेली मरियामातेची मूर्ती रोज संध्याकाळी एका घरातून दुसऱ्या घरी जाते. जिथे तिचा मुक्काम, तिथे सगळे जमून माळ जपतात, गाणी म्हणतात. माझ्या लहानपणी नाशिकरोडच्या आमच्या चाळीत हे दारं सताड उघडी टाकून चालायचं. यंदा आमची पाळी आली ती नव्या फ्लॅटमध्ये, आणि माझी पाचावर धारण बसली.

इमारतीत ख्रिस्ती घर आमचं एकच, तेही नुकतंच राहायला आलेलं. हल्ली कोण कशाचा काय अर्थ काढेल सांगता येत नाही. उद्या सोसायटीच्या ग्रुपवर आपलीच चर्चा नको, म्हणून मी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. घरभर माणसं, पंखा एक, वर ऑक्टोबरचा उकाडा. येणाऱ्या प्रत्येकाला मी दारातच "हळू म्हणा हं" असं बजावत होते. "आपण काय चोरीचा माल लपवतोय का?" नवऱ्याने विचारलं. माळ चालवणारे काका निवृत्त शिक्षक, शिस्तीचे कडक. गृहपाठ न करता आलेल्या पोरीकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि माळ हातात घेतली. घाम पुसत, पुटपुटत सगळ्यांनी माळ संपवली.

दुसऱ्या संध्याकाळी मूर्ती पुढच्या घरी न्यायला मंडळी जमली. मी दार उघडलं तर समोर शेजारच्या मावशी. हातात झाकलेलं ताट.

"काल भिंतीपलीकडनं नुसती कुजबुज," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, नवरा-बायकोचं वाजलंय. सकाळी तुझ्या पोरीनं सांगितलं, माता आलीये म्हणून. लेकुरवाळी बाई शेजारी मुक्कामाला येती, आणि तू मला बोलवत नाय?"

ताटात तांदूळ, नारळ आणि खण. मावशींचं माहेर येवल्याचं, त्यामुळे खणाला पैठणीचा काठ. घरी आलेल्या लेकुरवाळीला ओटी भरल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, एवढं साधं त्यांचं म्हणणं होतं. पण मूर्तीला पदर कुठून आणायचा? आणि आमच्यात मातेची ओटी भरत नाहीत, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? काका आता नियमावर बोट ठेवणार आणि मावशी ताट घेऊन परत जाणार. मग उद्यापासून जिन्यात मान वळवून जायचं. सगळे काकांकडे बघत होते.

काकांनी सावकाश चष्मा पुसला. "मावशी, तिचे हात बाळात गुंतलेत," ते म्हणाले. "तिच्या वतीनं ही घेईल." मग माझ्याकडे वळून, अगदी वर्गातल्या आवाजात, "ओढणी धर."

मी ओढणी पसरली. मावशींनी त्यात तांदूळ घातले, खण-नारळ ठेवला आणि मूर्तीपुढे हात जोडून "परत या" म्हणाल्या, एखाद्या थोरल्या जावेला म्हणावं तसं. मला भरून आलं.

"आणि आज तोंडातल्या तोंडात नको," मावशी म्हणाल्या. "मला गाणं ऐकायचंय."

मग काय, जिना उतरलो तो गातच. माझा आवाज बेताचा आणि सूर त्याहून बेताचा, पण पहिली ओळ मीच उचलली. खालच्या मजल्यांवरची दारं उघडली. कोणी चपला काढून उभं राहिलं, कोणी भुंकणाऱ्या कुत्र्याला आत ओढलं. एका आजोबांनी प्रसाद आहे का म्हणून विचारलं. मावशी फाटकापर्यंत आल्या.

पुढच्या घरच्या ताईंनी मूर्ती टेबलावर ठेवली, मेणबत्ती लावली, आणि मग त्यांचं लक्ष माझ्या ओढणीकडे गेलं.

"हे नारळबिरळ काय आणलंय?"

मी काही सांगायच्या आत काका म्हणाले, "मातेच्या माहेरची ओटी आहे. नीट ठेव."