होडीतली दोरी

काल धाराशिवात स्कूटीचं पंक्चर काढायला थांबले. दुकानदारानं ट्यूब पाण्यात बुडवली, ओल्या रबराचा वास आला आणि मी थेट अंदमानच्या त्या होडीत जाऊन बसले.

अंगात घट्ट रबरी सूट, पाठीवर हवेची टाकी आणि खाली समुद्रात एक बुडालेलं जहाज. माझ्या यजमानांना पोहता येत नव्हतं. ते होडीतच थांबणार होते.

"येडशीच्या हिरीत पवायला शिकलीस म्हणून समुद्रात उतरतीस व्हय?"

"पाणीच हाय की, जरा खारट," म्हणत मी उडी घेतली.

खाली सगळं कोमट, निळं होतं. गंजलेल्या जहाजावर जांभळी प्रवाळं वाढली होती. त्याच्या खिडकीतून पिवळे मासे निवांत ये-जा करत होते. मध्येच नाक-डोळे झाकणाऱ्या चष्म्यात पाणी शिरलं. शिकवलं होतं तसं नाकातून जोरात फुंकलं, ते बाहेर गेलं. भीती वाटलीच नाही.

वर आले, तर यजमान दोन्ही हातांनी नांगराची दोरी आवळून बसलेले.

"मला वाटलं, तुलाच बांधलीय," ते म्हणाले.

तेव्हा मी पोट धरून हसले. आता ती बुडी आठवली, की जहाजाच्या आधी त्यांचे लाल झालेले तळवे दिसतात.