बुडालेल्या कंपनीचा बांध

१८६५ साली मुंबईत शेअरांचा बाजार कोसळला तेव्हा ज्या कंपन्या बुडाल्या, त्यांतली एक कोपरजवळ खाडी मागे हटवून शेतजमीन काढत होती. बांध पुरा झाला होता, पण आतली जमीन अजून खारटच होती. मालमत्ता विकण्यासाठी कोर्टाने एक साहेब नेमला. मी त्याच्या कचेरीत कारकून. लिलाव होईपर्यंत बांध आणि वखार राखायला त्याने मला पाठवले. माझी बायको बाळंतपणात जाऊन वर्षही झाले नव्हते, आणि मूलही राहिले नव्हते. "तुला काय, कुठेही राहता येईल," साहेब म्हणाला. ते खरेच होते.

पहिल्या दिवशी मी वखारीला कुलूप घातले आणि लाख वितळवून त्यावर कोर्टाची मोहोर उठवली. आत जे असेल ते सगळे कंपनीचे, त्यातले काही हलता कामा नये, असा हुकूम होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारा आला. कोपरचाच आगरी, बांधाच्या कामावर मजूर होता.

"माजा फावरा आतमंदी हाय," तो म्हणाला.

"आत पुष्कळ फावडी आहेत, बाबा. तुमचे कोणते ते मी कसे ओळखू?"

"मी वलखीन ना! दांडा माजे बापानं बसवलेला हाय."

"मोहोर कोर्टाची आहे. मला फोडता येत नाही."

"मंग कोरटाला इचार."

मी साहेबाला पत्र लिहिले. लेखी अर्ज करावा, असे उत्तर आले. म्हाताऱ्याला लिहिता येत नव्हते म्हणून अर्जही मीच लिहिला. त्याला उत्तर आलेच नाही.

मग तो रोज यायला लागला. फावडे मागायचा, मला आणि कोर्टाला शिव्या द्यायचा, बांधावर बसून तंबाखू मळायचा आणि निघून जायचा. गावातली बाकीची माणसे होडीतून जाताना माझ्याकडे बघतही नसत. त्यांचीही हत्यारे आत अडकली होती. मी सकाळ-संध्याकाळ बांधावर चक्कर मारी, खेकड्यांची बिळे चिखलाने बुजवी, एकट्यापुरता भात शिजवी. दिवसभरात मी बोलत असे तो फक्त म्हाताऱ्याशी, आणि तेही भांडण. तरी त्याची यायची वेळ झाली की मी अंगरखा नीट करून बसे.

एका अमावास्येला भर दुपारी खाडीला उधाण आले. म्हातारा नुकताच भांडून उठला होता. एका बिळातून मनगटाएवढी धार आत येताना त्यालाच आधी दिसली. आम्ही धावत पोचेपर्यंत तिथली माती बैलगाडीच्या चाकाएवढी ढासळली.

"खांड परली! खांड!" ओरडत तो गावाकडे धावला.

कंपनीच्या जमिनीमागे गावाची जुनी भातशेती होती. खारे पाणी तिथवर गेले तर काही वर्षे पीक येणार नव्हते. बाया-पुरुष सगळे पळत आले आणि रिकाम्या हातांनी उभे राहिले. सगळ्यांनी वखारीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

मी दगडाने मोहोर फोडली आणि कुलूप काढले.

भरती ओसरेपर्यंत आम्ही मेखा ठोकत होतो, पेंढा आणि चिखल कोंबत होतो. मीही पाटी घेऊन रांगेत उभा होतो. माझ्या पुढच्या बाईने दर खेपेला माझ्या हातून पाटी घेतली, पण माझ्याकडे पाहिले नाही. खांड बुजली. मग ज्याने त्याने आपापले हत्यार खाडीत धुतले आणि घरी नेले. म्हाताऱ्यानेही नेले. मी अडवले नाही.

साहेबाला मी सगळे खरे कळवले. त्याने लिहिले की बांध वाचला हे ठीक झाले, पण परवानगीवाचून मोहोर फोडली हे वाईट झाले. गेलेल्या हत्यारांची भरपाई तुझ्या पगारातून होईल.

त्याचे मला काही वाटले नाही. वाटले ते खांड बुजवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. बांधावर कोणी आले नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. म्हाताऱ्याला त्याचे फावडे मिळाले होते. आता त्याने कशाला यायचे?

आठवडाभराने मी त्याच्या घरी गेलो. त्याने घोंगडी अंथरली. म्हातारीने तांब्या भरून पाणी आणून पुढे ठेवले. मी बांधावरून उन्हातून चालत आलो होतो, घसा कोरडा पडला होता. पण त्या घरचे पाणी मी पिऊ नये, असे मला लहानपणापासून शिकवलेले होते. हात उचलला गेला नाही. तांब्या मध्ये तसाच राहिला.

"राहू दे. ने आत," म्हातारा बायकोला म्हणाला. रागाने नाही; भांडताना चढायचा तसा त्याचा आवाज चढला नाही. मग त्याने बांध कसा आहे विचारले. बरा आहे, मी म्हणालो. आणखी थोडा वेळ बसलो आणि उठलो.

पावसाळ्याआधी लिलाव झाला. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने बांधासकट सगळी जमीन घेतली. त्याच्या माणसाला किल्ल्या देऊन मी पायी कल्याणला गेलो आणि तिथून गाडीने ठाण्याला. पुढे ठाण्याच्याच कचेरीत मी पेन्शनपर्यंत नोकरी केली. कोपरला जाऊन यायला एक दिवस पुरला असता. सुट्टीच्या दिवशी कितीदा तरी मनात आले, पण मी गेलो नाही.