परांचीच्या गाठी

लढाईच्या वर्षांत धुळ्याला एका शाळेची दुमजली इमारत उठत होती. माझे धनी तिथे परांची बांधायचे. भिंत वर जाऊ लागली की गवंड्यांना उभं राहायला लाकडी बल्ल्या आणि फळ्यांचा सांगाडा लागतो, ती परांची. मी त्याच कामावर घमेल्यातून चुना वाहायची. आम्ही नऊ बायका होतो. फळ्यांच्या चढणीनं, एकीमागं एक, भरलं घमेलं डोक्यावर घेऊन वर जायचं आणि रिकामं घेऊन खाली यायचं.

दिवाळीच्या सुमारास धन्यांनी भाकरीच्या ताटाशेजारी हात चाचपला. पाण्याचा तांब्या समोरच होता. मी तो त्यांच्या हाताशी सरकवला. दोन दिवसांनी त्यांनीच सांगितलं की दोन्ही डोळ्यांपुढे धूर धरल्यासारखं दिसतं. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, पण अजून पिकला नाही; पिकल्यावर या, मग काढू. किती दिवस, ते काही सांगितलं नाही.

"तोपर्यंत काम सोडा," मी म्हटलं.

"मना हातले समजस," ते म्हणाले. "गाठ बांधाले डोया कसाले पाहिजे?"

आणि खरंच, वीस वर्षं दोर ओढलेले हात होते ते. मला पटवून घ्यायचं होतं, म्हणून पटलं. पण झोप लागेना. लढाईमुळे तेव्हा काथ्याचा दोर मिळत नव्हता, अंबाडीचा वापरायचे. तो ओला असताना बांधला तर घट्ट बसतो, आणि आमच्याकडच्या उन्हात सुकला की सैल पडतो. म्हणून गाठीत लाकडाची पाचर मारतात आणि ती रोज ठोकावी लागते. मी कामाची घंटा व्हायच्या आधी जाऊन एकेक गाठ ओढून बघू लागले. सैल दिसली की दगडानं पाचर ठोकायची. धन्यांना हे कळलं होतं की नाही, कोण जाणे. त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. दिवसभर डोक्यावर घमेलं आणि डोळे गाठींवर. फळी जरा करकरली की थांबून तिच्याजवळची गाठ बघायची.

होळी होऊन गेली होती. आदल्या संध्याकाळी त्यांनी वरचा नवा थर बांधला होता. सकाळी मी चढले आणि पहिल्याच गाठीपाशी थांबले. दोर चांगला आठ वेढे घेऊन आवळलेला होता, पण नुसत्या उभ्या बल्लीला. आडवी बल्ली वेढ्यात आलीच नव्हती. ती फक्त पाचरीवर टेकून राहिली होती. पुढची गाठ तशीच. तिच्या पुढचीही. बल्ली उचलून धरायला दुसरा माणूस लागतो, मला एकटीला ती हलेना. तेवढ्यात घंटा झाली. खाली बायका घमेली भरून घेत होत्या.

मी उतरले आणि चढणीच्या पहिल्या फळीवर बसले.

"ऊठ, कसाले बसनी?" मागून एक म्हणाली.

"वर कोणी जावानं नही."

मुकादम आला. त्यानं आधी नीट विचारलं, मग दरडावलं. धनी दोराचं वेटोळं घेऊन चार हात अंतरावर उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता हे मला ठाऊक होतं. एकदा वाटलं, बल्ली तडकली म्हणून सांगावं. पण मग उद्या काय, परवा काय?

"त्यास्ले दिसत नही," मी म्हटलं. "वरल्या गाठी चुकन्यात."

धन्यांनी दोर खाली ठेवला. अगदी हळू, मोडेल अशा वस्तूसारखा.

मुकादम स्वतः वर जाऊन आला. त्याच्या कपाळावर घाम होता. त्यानं सगळ्यांना खाली थांबवलं आणि पारोळ्याचा दुसरा माणूस बोलावून घेतला. धन्यांना तो एक वाकडा शब्दही बोलला नाही. फक्त म्हणाला, "भाऊ, घरी जा."

आमच्यात सगळ्यात थोरली होती तिला आम्ही अक्का म्हणायचो. ती माझ्याजवळ आली. मला वाटलं पाठीवर हात ठेवील.

"तुले कधीपाईन माहीत व्हतं?"

"दिवाईपाईन."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिची सून पोटुशी होती आणि रोज माझ्या पुढं त्याच फळीवरून चढत होती. अक्का वळली आणि सुनेजवळ जाऊन उभी राहिली. त्या दिवसापासून दुपारची भाकर मी एकटीच खाल्ली. मी रोज गाठी तपासत होते, हे त्यांना सांगावंसं पुष्कळ वाटलं. पण एवढी खात्री असती तर तपासायला कशाला गेले असते?

धनी महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. ओट्यावर बसून अंबाडी वळायचे. पावसाळ्यानंतर एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, जाड भिंगाचा चष्मा आला आणि बऱ्यापैकी दिसू लागलं. तरी कोणी त्यांना परांचीवर घेतलं नाही, आणि त्यांनीही कुणाला विचारलं नाही.

एकदा आम्ही दोघं बाजारातून येताना ते त्या शाळेपाशी थांबले. परांची केव्हाच उतरली होती, आतून मुलांच्या पाढ्यांचा आवाज येत होता. वरच्या मजल्याकडे बघत ते म्हणाले, "तू रोज सकायले गाठी पाहाले जाये ना?"

मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या हातातली बाजाराची पिशवी घेतली, आणि आम्ही घरी आलो.