चावी ठेवून गेलेली माणसं

“चावी खंय आसा?” वाडीतलं कोणी मुंबईला निघालं की भावजींचा हा पहिला प्रश्न. कुठे चाललात, कधी येणार, हे नंतर. कधी कधी ते विचारायचेच नाहीत.

नात्याने ते माझे कोणी नव्हते, शेजारी. देवळात वाडीच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे. आमच्याकडे आधी हयसर, म्हणजे इथंच राहणारी माणसं घराघराने देवाच्या पदरात घालायची, मग भायर गेलेली. मागून बाकीच्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हणायचं. कोण कुठल्या भागात, ते भावजी ठरवायचे.

“जो चावी शेजाऱ्याकडे ठेवन गेलो, तो हयसरच आसा. चावी घेवन गेलो, तो भायरचो.”

“भावजी, माझो दीर बोरिवलीत म्हातारो झालो. तो हयसरचो कसो?” मी एकदा विचारलं.

“चावी तुमच्याकडेच आसा मां, वयनी?”

“आसा. गंजली.”

“गंजू दी. आसा मां.”

तुम्हीच सांगा, अशा माणसाशी काय भांडणार?

माणसं मोजायला एक बाई आली, तेव्हा मी तिला त्यांच्याकडे घेऊन गेले.

“आजोबा, वाडीत कितीजण राहतात?”

“वाडी भरलेली आसा.”

तिने समोर पाहिलं. पायऱ्यांवर गवत चढलेलं. “दारं तर बंद दिसतात.”

“बंद आसत. रिकामी नाय.”

बाईने माझ्याकडे पाहिलं. “माझ्याकडे बघू नको, बाय,” मी म्हटलं. “माझोच गोंधळ झालो हा.”

ती दारोदार फिरली आणि तिला दिसलं ते लिहून घेऊन गेली. तिचं खोटं नव्हतं. पण चतुर्थीला हीच दारं उघडतात आणि विहिरीवर पाय ठेवायला जागा उरत नाही. मग भावजींचं तरी खोटं कसं म्हणू?

पुढे त्यांना दिसेनासं झालं. विस्तवावर हात पडला, तेव्हा मुलगा येऊन त्यांना ठाण्याला घेऊन निघाला. गाडीत बसण्याआधी भावजी कुंपण चाचपत माझ्या अंगणात आले.

“वयनी, चावी.”

“कधी येतलास?”

“चावी दिलंय मां.”

तिन्हीसांजेला त्यांच्या देवापुढे दिवा लावायला गेले, तर चावी लागेना. मुलाने दाराला नवं कुलूप घातलं होतं. जुनं पायरीवर पडलेलं. भावजींना हे दिसलंच नसेल. की कळूनही त्यांनी चावी दिली? फोन करावा म्हटलं, तर विचारायचं काय?

जत्रेला गाऱ्हाणं त्यांच्या पुतण्याने घातलं. तो रिक्षा चालवतो, शब्द पाठ आहेत. त्यांच्या घरापाशी येऊन अडला.

“काकी, आमच्या काकांका खंय घेव? हयसर काय भायर?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पुरुष थोडेच, बाकी आम्ही बायका.

“चावी माझ्याकडे आसा,” मी म्हटलं.

त्याने त्यांना हयसर घेतलं. सगळ्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हटलं. माझा आवाज जरा मागून आला.

ते जुनं कुलूप मी घरी आणून फळीवर ठेवलंय. एकदा चावी घालून बघितली. लागते.